मुलुंडच्या क्लिनिकमधला काळा ऑरेटस

"तुमच्याकडची एक मादी काळी पडलीय," डॉ. मेधा फोनवर म्हणाल्या. "म्हणजे तो नर आहे ना? कागदावर तर सात माद्या लिहिल्यात. सही तुझीच आहे, प्रणाली."

सही माझीच होती. खाली 'बी.एस्सी., झूऑलॉजी' हेही मीच लिहिलं होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे जिथे सही, तिथे डिग्री.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचं युनिट आहे. शोभेचे मासे वाढवून विकतो. डॉ. मेधा मुलुंडच्या दातांच्या डॉक्टर. मुलं घाबरू नयेत म्हणून वेटिंग रूममध्ये त्यांनी मोठा टँक लावला होता. त्यात आमचे आठ ऑरेटस होते, एक नर आणि सात माद्या. ऑरेटस म्हणजे आफ्रिकेतल्या सरोवरातला, सिक्लिड कुळातला मासा. बोटाएवढा, पण महाभांडकुदळ. टँकमध्ये दोन नर पडले तर एकाची वाट लागलीच. म्हणून छाटणी, म्हणजे नर-मादी वेगळे करणं, महत्त्वाची, आणि धंद्यात ती रंगावरून होते. पिवळी ती मादी, काळा तो नर. मीही तशीच केली होती.

मग एक दिवस टँकचं झाकण उघडं राहिलं. नर उडी मारून बाहेर पडला आणि मेला. त्यानंतर पंधरा दिवसांत सातांतली एक पिवळी काळी झाली.

"बदलून दे आणि ये," आमचे मालक सतीश सर म्हणाले. "वाद नको. तुझं प्रोबेशन या महिन्यात संपतंय. छाटणीच चुकत असेल तर तुझी डिग्री काय चाटायचीय?"

ते मला लागलं.

मुलुंडला पोचले तेव्हा काळा मासा बाकीच्यांना टँकभर पळवत होता. बघणारा कोणीही नरच म्हणाला असता. पण कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये शिकवलेलं आठवलं. खात्री हवी तर मासा उलटा करून पोट बघायचं. तिथे शेपटीकडे दोन बारीक छिद्रं असतात. पुढचं विष्ठेचं, मागचं प्रजननाचं. नराची दोन्ही जवळजवळ सारखी. मादीचं मागचं मोठं, कारण तिथून अंडी यायची असतात. युनिटमध्ये हे कोणी करत नाही. वेळ जातो.

"मॅडम, तुमचा तो भिंगाचा चष्मा मिळेल का?"

"दात बघणारेस का त्याचे?"

"नाही, दुसरी बाजू."

ओल्या स्पंजवर मासा उलटा धरला. चार-पाच सेकंद, जास्त नाही. मागचं छिद्र चांगलं रुंद होतं. मासा लगेच पाण्यात सोडला.

"मॅडम, ही मादीच आहे."

"अगं, मग हा रंग?"

"नर गेला, टँकला दादा उरला नाही. ही सगळ्यांत दांडगी. ती जागा हिनं घेतली, रंगासकट." असं होतं हे मी वाचलं होतं. बघत होते पहिल्यांदा.

सरांना फोन केला. "सर, मासा बदलत नाही. मादी आहे."

"वेडी झालीस का? काळी मादी विकणार आपण?"

डॉक्टरांनी फोन माझ्या हातातून घेतला. "राहू दे हो. मी बघते महिनाभर."

म्हणजे माझी नोकरी आता त्या माशावर होती.

दहाव्या दिवशी त्यांचा व्हिडिओ कॉल. "काळी काही खात नाहीये गं. जबडा सुजलाय. माझा पेशंट असता तर मी गळू म्हटलं असतं."

मी स्क्रीनकडे बघत राहिले. हनुवटीखाली पिशवी फुगलेली. मधूनच तोंड हलायचं, काही घोळवल्यासारखं.

"मॅडम, तोंडात अंडी आहेत! या माद्या अंडी तोंडात सांभाळतात. पिल्लं बाहेर पडेपर्यंत जवळजवळ उपाशी राहतात."

दिवसभर लोकांची तोंडं उघडून बघणारी बाई, या एका बंद तोंडापुढे खुर्ची ओढून बसली. दादागिरी करत फिरणारा तो काळा मासा आता कोपऱ्यात स्थिर होता आणि जबड्यात घर सांभाळत होता.

अंडी तोंडात घेतल्यापासून तिसऱ्या आठवड्यात तिनं तोंड उघडलं आणि तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं बाहेर आली. पेशंट, रिसेप्शनिस्ट, सगळे काचेला चिकटले. कळताच मीही मुलुंड गाठलं. मी जिंकले होते.

"पण प्रणाली, बाप कोण?" डॉक्टरांनी विचारलं. "नर तर केव्हाच मेला."

माझं हसू तिथेच थांबलं. स्पंज ओला केला आणि उरलेल्या सहाही पिवळ्या एकेक करून तपासल्या. पाचवीची दोन्ही छिद्रं सारखी. तो नर होता. मोठ्या नराच्या धाकानं पिवळा राहिलेला, आता हिच्या धाकानं पिवळाच. मार चुकवून जगला होता आणि बापही झाला होता. असं शहाणपण मी माणसांतही कमी बघितलंय.

"माझी सही चुकीचीच होती, मॅडम," मी म्हणाले. "दोन नर, सहा माद्या दिल्या होत्या मी."

युनिटवर येऊन सरांनाही सांगितलं.

"डॉक्टर खूश आहेत ना? मग सांगायला कोण गेलं होतं?"

"मी. सांगून आले."

"मग आता?"

"आता प्रत्येक मासा उलटा करून बघायचा."

"वेळ जातो त्यात."

"जातो."

महिनाअखेरीस कायम झाल्याचं पत्र मिळालं. सोबत हुकूम: यापुढे सगळी छाटणी उलटी, आणि ती तूच करायची. तेव्हापासून माझी बोटं कायम सुरकुतलेली असतात.

ऑरेटसचा रंग त्याचा हुद्दा सांगतो, एवढंच. नर की मादी हे कळायला हात ओले करावे लागतात.