यू नसलेला क्यू

मी इंग्रजी शिकवतो आणि माझा स्वभाव तापट आहे. अमरावतीत या दोन्ही गोष्टी बऱ्याच जणांना माहीत आहेत. वर्गात 'पाहून सांगतो' असं मी कधीच म्हटलं नाही. क्लासच्या धंद्यात सर एकदा अडखळले की पोरं दुसरीकडे जातात, अशी माझी पक्की समजूत होती.

माझं थोडंफार नाव झालं ते एका यादीमुळे. इंग्रजीत क्यू आला की मागोमाग यू येतोच. पण काही शब्दांत क्यू एकटाच असतो. ते मी हौसेनं जमवले होते. फकीर, काझी, तलाक, अल्बानियाचं नाणं किन्तार, इराणातला भुयारी पाण्याचा पाट कनात. अंजनगाव सुर्जीची एक मुलगी क्लासला यायची, वडिलांचं गाद्या भरायचं दुकान. यादी पाहून ती हसली होती.

"सर, यातले अर्धे शब्द तं आमच्या घरात रोज बोलतात."

त्याच यादीत किव्हियट होता. पुष्कळ वर्षांपूर्वी कोणीतरी भर वर्गात त्याचा अर्थ विचारला. मला येत नव्हता. पन्नास डोळे माझ्याकडे लागलेले. मी ठोकून दिलं, "उत्तरेकडचा एक पक्षी." घरी जाऊन शब्दकोश उघडायला हवा होता. उघडला नाही, उलट तोच अर्थ यादीत लिहून टाकला. वऱ्हाडात क्लासच्या नोट्सना मालक नसतो. एका झेरॉक्सची दुसरी झेरॉक्स होते आणि कागद गावोगाव फिरतो. माझी यादीही अशीच फिरली.

गेल्या हिवाळ्यात अकोल्याला विभागाची शब्दस्पर्धा होती. पहिला येईल तो एकटाच राज्याच्या फेरीला जाणार होता. ही मुलगी आदल्या वर्षी दुसरी आली होती आणि आता बारावीत, म्हणजे ही तिची शेवटची संधी. तिच्या घरच्यांना दुकान सोडून येणं जमेना, म्हणून मीच तिला एसटीनं घेऊन गेलो आणि पहिल्या रांगेत बसलो.

दुपारी शेवटी दोघीच उरल्या. आमची ही आणि अकोल्याची एक, दोघींचे गुण सारखे. परीक्षक बाईंनी फाइलमधून एक नवा कागद काढला आणि मी पुढे वाकून पाहिलं. अक्षर माझं होतं. शीर्षकाखाली दोन रेघा मारायची सवयही माझीच.

"किव्हियट म्हणजे काय?"

मुलीनं आधी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, धीर मागते आहे. मी मान डोलावली. मग ती खाली मान घालून म्हणाली, "बर्फाळ प्रदेशात बैलासारखं एक केसाळ जनावर असते. त्याची आतली मऊ लोकर."

बाईंनी कागदावरून बोट फिरवलं. "चूक. प्रश्न पुढे जाईल. अर्धं मिनिट."

हे उत्तर तिनं कुठून आणलं, मला कळेना. पण ते ठामपणे सांगणारी ती आणि न बघता ठोकून देणारा मी, यात खोटं कोण हे मला लगेच कळलं. उठून सांगायला हवं होतं. मागच्या रांगांत अमरावतीचे पालक बसले होते, दोन क्लासवाले होते, माझे जुने विद्यार्थीही होते. मी घड्याळाकडे पाहत राहिलो. खरंच भ्यालो होतो. या वयात, इतक्या साध्या गोष्टीला.

"एक पक्षी," अकोल्याची मुलगी म्हणाली.

"बरोबर!"

टाळ्या पडल्या. आमच्या मुलीनं काही वाद घातला नाही. ओढणी सारखी करून ती खुर्चीतून उठायला लागली. ते मला बघवलं नाही.

"थांबा," मी ओरडलोच. "ती यादी माझी आहे. तो अर्थ मी मनानं लिहिलाय. पक्षी-बिक्षी काही नाही."

"मनानं म्हणजे?" बाईंनी चष्मा काढला.

"मला येत नव्हतं, म्हणून ठोकून दिलं."

सभागृहात हशा पिकला. बाईंनी मोबाइलवर पाहिलं, शेजारच्या परीक्षकांना दाखवलं. ती दोन मिनिटं मला फार जड गेली. मग त्यांनी निकाल फिरवला. आमची मुलगी पहिली आली. अकोल्याची मुलगी रडत होती आणि तिच्याकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही.

परतीच्या एसटीत मी तिला खिडकीजवळची जागा दिली. ती आभार मानेल, असं मला वाटत होतं. लाज वाटते, पण वाटत होतं. शेवटी मूर्तिजापूर गेल्यावर मीच विचारलं, "तुला खरा अर्थ कधी कळला?"

"तुमी यादी देली त्याच दिवशी. मोबाइलवर पाह्यला." मग म्हणाली, "सर, क्लासमधी सगळ्यायलेच माहीत आहे. तुमच्या टेस्टमधी आमी पक्षी लिहितो, बाहेर लोकर."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

ती खिडकीबाहेर पाहू लागली. "मागच्या वर्षी वलगावच्या पोरीनं तुमाले एक चूक दाखवली होती. तुमी महिनाभर तिले एक प्रश्न नाही इचारला. मंग ती यायचीच बंद झाली."

ती मुलगी मला आठवत होती. चूक दाखवण्याची तिची पद्धतही आठवत होती, हळू आवाजातली. ती का येईनाशी झाली, हे मी तेव्हा कोणालाच विचारलं नव्हतं.