काशीद म्हटलं की खाली

आमचे सर बसवर कंडक्टर होते. तरुणपणी ते स्वतः बॉक्सिंग खेळलेले. पुढे गुडघ्याने दगा दिला तेव्हा खेळ सुटला आणि ड्युटी संपली की शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते आम्हा पोरांना शिकवायला लागले. त्यांच्या पोरांत सगळ्यात हलका मी. अठ्ठेचाळीस किलोच्या गटात खेळायचो. त्या वजनात राहायचं म्हणून घरात सुकट शिजली की मी उठून ओटीवर जाऊन बसायचो, कारण खारट खाल्लं की अंगात पाणी धरतं. सलग दोन वर्षं मी राज्याचा चॅम्पियन होतो. आताचं माझं पोट बघून कोणाचा विश्वास बसत नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

लढत चालू असताना कोपऱ्यातून ओरडायचं नाही असा नियम आहे. तो कोणीही पाळत नाही. पण ‘खाली वाक’, ‘मागे हो’ असं ओरडलं तर समोरच्यालाही ते कळतं. म्हणून सरांनी आमच्यापुरती एक भाषा केली होती, तीही स्वतःच्या धंद्यातली. ते थांब्यांची नावं पुकारायचे. रेवस म्हणजे मागे हो, कारण रेवसच्या धक्क्यापुढे जमीनच नाही. म्हसळा म्हणजे आत घुस, कारण ते समुद्र सोडून आत. आणि काशीद म्हणजे खाली वाक, कारण तिथे अर्धी बस खाली उतरते. बाहेरच्या शहरांतल्या हॉलमध्ये लोक हसायचे. त्यांना वाटायचं, या काकांची ड्युटी अजून सुटली नाही.

शेडमध्ये सर हातात बांबू घेऊन उभे राहत. काशीद म्हणाले आणि मी वाकलो नाही, तर बांबू टाळक्यात. करता करता विचार करायचं कामच उरलं नाही. आवाज आला की अंग आपलं आपण हलायचं. “कान माझ्याकडं दे रं, बाकीचं मी बघतो,” असं ते म्हणायचे. मी दिले. आईबापाचं ऐकलं नसेल इतकं मी त्या माणसाचं ऐकलं.

तिसऱ्या वर्षी राज्याची अंतिम लढत जिंकणाऱ्याला इंडिया कॅम्पचं बोलावणं येणार होतं. त्यासाठीच तर मी जेवणाच्या ताटावरून उपाशी उठत होतो. स्पर्धेच्या थोडं आधी सर म्हणाले, “गुडघा लय दुखतोय. आपरेशन सांगितलंय. या वर्षी न्हाय जमायचं उभं राहायला.” मला रडू यायचं बाकी होतं. आईने त्यांच्याकडे नव्या तांदळाची पिशवी पाठवली. मी दोन-तीनदा जाऊन त्यांच्या गुडघ्याला तेल चोळून आलो. मग शाळेतल्या पीटीच्या मास्तरांना सोबत घेऊन स्पर्धेला गेलो. बिचारे मास्तर पाण्याची बाटली धरण्यापुरतेच.

पहिल्या फेऱ्या आरामात गेल्या. अंतिम लढतीला रिंगमध्ये चढलो आणि समोरच्या कोपऱ्यात सर दिसले. अंगात मुंबईकडच्या एका अकादमीचं निळं जाकीट. त्याच गुडघ्यावर बसून ते माझ्यासमोरच्या पोराच्या बुटाची नाडी बांधत होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी स्वतःला समजावलं. माणसाला पोट आहे, चांगली नोकरी मिळाली असेल, तोंडावर सांगायचा धीर झाला नसेल. गुडघ्याचं खोटं लागलं मनाला, तेही गिळलं. पहिला राउंड मी सरळ काढला.

दुसऱ्या राउंडच्या मध्यावर त्यांचा आवाज आला. “काशीद!”

डोक्याला कळायच्या आत मी वाकलो होतो. खालून येणारा ग्लोव्ह तिथे माझी वाटच बघत होता. रेफरीने आठपर्यंत मोजलं. ते आकडे ऐकताना मला काय वाटलं असेल? सरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं असेल. इतका मी बावळट.

तिसऱ्या राउंडला पुन्हा काशीद. या वेळी वाकायचं नाही असं मी ठरवलं होतं. मी अर्धवटच वाकलो आणि तो ठोसा नाकावर घेतला. मग रेवस आलं आणि पाय आपोआप मागे गेले, दोरापर्यंत. पॉइंट्सवर मी हरलो. पीटीचे मास्तर म्हणाले, “तुझं आज लक्ष नव्हतं.” माझं नको इतकं लक्ष होतं.

नंतर बेसिनपाशी मी नाक धूत होतो, तेव्हा तो पोरगा शेजारी आला. साधा, घाटावरचा पोरगा. “दादा, तुम्ही तिकडचे ना? काशीद म्हणजे काय हो? सर म्हणाले होते, मी काशीद म्हटलं की खालून उजवा मारायचा. का ते विचारायचं नाही.”

“गाव आहे,” मी म्हणालो. “चांगलं आहे. ये कधीतरी.”

त्यांनी त्याला माझ्या खोडी सांगितल्या असत्या तर मी काही बोललो नसतो. माझा डावा हात खाली पडतो, मी लवकर दमतो, हे कोणीही सांगेल. तो खेळ आहे. सरांनी माझी खोड वापरली नाही, मी त्यांचं ऐकतो हे वापरलं. केसाने गळा कापला. तो पोरगा कॅम्पला गेला. पुढे मी कानात कापूस घालून खेळलो, आणखी एकदा राज्यही जिंकलो, पण तोवर कॅम्पमधली माझ्या वजनाची जागा भरली होती. इंडिया कॅम्प मी बाहेरूनसुद्धा पाहिला नाही.

गेल्या थंडीत अलिबागहून मुरूडच्या बसमध्ये सर माझ्या शेजारी येऊन बसले. म्हातारे झालेत. मुलं किती, भात कसं झालं, सगळं विचारलं, जणू मधे काही घडलंच नव्हतं. मी हो-नाही करत राहिलो. त्यांना सुनावायची वाक्यं इतकी वर्षं मनात घोळवून ठेवली होती, आणि मी भात बरं झालं म्हणून सांगत होतो.

तेवढ्यात कंडक्टर ओरडला, “चला, काशीद, काशीद!”

माझी हनुवटी छातीला टेकली. खांदे खाली गेले. भर बसमध्ये, या वयात.

सरांनी ते बघितलं आणि मांडीवर थाप मारली. डोळे नुसते चमकत होते. “बघ! अजून हाय अंगात! असं शिकवणारा दावून दे मला आख्ख्या जिल्ह्यात!”

ते खरोखरच खूश झाले होते. लाज नावाला नव्हती. ज्या दिवसाने माझं सगळं नेलं, तो त्यांच्या आठवणीत बहुधा नव्हताच, किंवा असला तरी त्यांच्या मते तो त्यांच्याच हुशारीचा दिवस होता. मी पिशवी उचलली आणि उठलो.

“अरे, मुरूड लांब हाय अजून,” सर म्हणाले.

मुरूडचं तिकीट माझ्या खिशात होतं. मी काशीदलाच उतरलो.