माझे पाय आणि वहिनीचं बसणं

हे मी आजवर कोणापुढे बोलले नाही. एक दादाच होता ज्याच्याजवळ बोलले असते – पण हे घडलं तेच मुळी तो गेल्यावर. म्हणून तुम्हाला सांगते. सावकाश सांगेन. घाई केली की मी सोयीचं तेवढंच सांगते, हे मला माझ्याबद्दल ठाऊक आहे.

पायांपासून सुरुवात करते.

मी अमरावतीला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. लग्न केलं नाही. चार वर्षांपूर्वी माझी झोप गेली, तेव्हा अकोल्याच्या एका डॉक्टरांकडून गोळी सुरू केली. अकोल्याचेच का? कारण आमच्या राजापेठेत मनाच्या डॉक्टरची पायरी चढताना कोणी ना कोणी ओळखीचं पाहतंच, आणि मग घरोघरी होतं. गोळीने झोप आली. दोन वर्षं घेतली आणि एक दिवस, आता बरं आहे असं म्हणून, स्वतःच बंद केली. एकदम सोडू नका, हळूहळू कमी करू, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण चार पुस्तकं वाचलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला सगळं कळतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाय सुरू झाले. दुखत नव्हते – कसं सांगू? पोटरीच्या आत, हाडाला लागून, काहीतरी सरपटत असायचं. चाललं की थांबायचं, बसलं की पुन्हा. संध्याकाळ झाली की जास्त. मी कपाटांच्या रांगांमधून उगाच फिरायचे. वाचायचं ते उभ्याने, जेवायचं ते ताट हातात घेऊन. पोटऱ्यांना ओढणी घट्ट गुंडाळून पाहिली, तेल चोळून पाहिलं. थोडा वेळ बरं वाटायचं, इतकंच.

आणि त्याच आठवड्यात दादा गेला. दर्यापूरच्या शाळेतून जीपने घरी येताना त्याच्या छातीत दुखायला लागलं. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. वाचायला मला त्याने शिकवलं. नवं पुस्तक आणलं की आधी माझ्या हातात द्यायचा, माझं झालं की स्वतः वाचायचा. त्याचं लग्न झालं आणि पुस्तक आधी वहिनीच्या हातात जाऊ लागलं.

एवढंच. हसू आलं ना? मलाही हसू यावं असं फार वाटायचं. वहिनी सावकाश वाचायची, पानांचे कोपरे दुमडायची. मग ते पुस्तक माझ्याकडे यायचं आणि मी एकेक कोपरा नखाने सरळ करत बसायचे. अकरा वर्षं हेच केलं. तिने माझं कधी काही वाईट केलं नाही – तेच तर जड जायचं. एखादा टोमणा मारला असता, तर माझ्या मत्सराला निदान कारण तरी मिळालं असतं.

दादाला जाऊन तीन दिवस झाले होते. त्याचं घर बायांनी भरलेलं. मी बसायचे आणि उठायचे, बसायचे आणि उठायचे. वहिनीने मला मागच्या खोलीत बोलावलं.

"ताई, पायात काही हून राहिलं का तुमच्या?"

मी नाही म्हटलं.

"गोळी सोडली काय कोनती? माह्या बाबाले असंच झालं होतं. एका जागी बसू देत नाई ते. या इकडे."

तिने न्हाणीत मला पाटावर बसवलं आणि माझ्या पोटऱ्यांवर गरम पाणी ओतलं, तांब्यामागून तांब्या. मी तिला गोळीचं सांगितलं. जगात फक्त तिलाच सांगितलं. "कोनाले नाई सांगत मी," ती म्हणाली.

आठव्या दिवशी विहारात दादाचं पुण्यानुमोदन होतं. आमच्यात वंदना झाली की आदरांजली वाहतात – माइक फिरतो, एकेक जण उठून गेलेल्याविषयी चार शब्द बोलतो. संध्याकाळची वेळ. सगळे पांढऱ्या कपड्यांत सतरंजीवर बसलेले. वहिनी पुढे, दादाच्या तसबिरीशेजारी – पाठ ताठ, हात मांडीवर, डोळे कोरडे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ती हलली नाही. आणि मी? पाच मिनिटांत उठले, दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा उठले. चार वेळा.

मागे दोघी बोलत होत्या.

"पाहा वं माय, बहिणीचा जीव कसा तुटून राहिला!"

"अन् बायको? गोट्यावानी बसली."

मी ऐकलं. काय वाटलं असेल मला? दादा गेल्यापासून पहिल्यांदा – बरं वाटलं. मागे वळून 'अहो, हे माझे पाय आहेत, दुःख नाही' असं म्हणायला किती वेळ लागला असता?

माइक माझ्याकडे आला. मी म्हणाले, "दादा गेल्यापासून माझे पाय एका जागी थांबत नाहीत. ते त्याला शोधत फिरतात. ज्यांना बसवतं, त्यांचं मला नवल वाटतं."

हे ओघात आलं नव्हतं. दाराशी उभं राहून मी ते जुळवलं होतं. आधी 'आश्चर्य' म्हणणार होते, मग 'नवल' केलं – ते मऊ वाटलं म्हणून.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. त्या सभागृहात खरं माहीत असलेली तेवढी एकच बाई. एका वाक्यात माझं पितळ उघडं पाडू शकली असती. तिने माझ्या पायांकडे पाहिलं, मग समोर. बस्स.

आई तोवर दादा-वहिनींकडे राहायची. विहारातून परतल्यावर ती मला म्हणाली, "मले तुह्यासंग घेऊन चाल. जिले माह्या लेकाचं रडू आलं नाई, तिच्या हातचं पानीबी नको मले." मी आईची पिशवी भरली. वेळ न लावता भरली. पुढच्या काही महिन्यांत वहिनीने तिच्या शाळेतून बदली मागून घेतली आणि ती अकोल्याला माहेरी गेली. मूलबाळ नव्हतं. आई हेच तिचं सासरचं उरलेलं माणूस होतं.

मघाशी एक गोष्ट गाळली. न्हाणीत पाणी ओतताना वहिनी रडत होती. तोंड बादलीकडे करून, आवाज होऊ न देता. तिचे खांदे हलत होते आणि तांब्यातलं पाणी माझ्या पायांऐवजी फरशीवर सांडत होतं. मी पाहिलं होतं. माइक हातात घेताना मला ते माहीत होतं.

पाय आता शांत आहेत. डॉक्टरांकडे पुन्हा गेले, त्यांनी गोळी थोडी सुरू करून महिनोन् महिने कमी करत नेली. आता मी अकोल्याच्या बसमध्येही बसू शकते. बसत नाही.

आई माझ्याजवळ आहे. तिचे कान शाबूत आहेत, समजही. खरं सांगितलं तर ती त्याच दिवशी सुनेकडे जायला निघेल, आणि मला ते नको आहे. इतकी वर्षं जे दुसऱ्या हातात आधी जायचं, ते आता माझ्याकडे आहे.

वहिनी दर रविवारी सकाळी फोन करते. "पाय कसे हायेत ताई?" आधी माझे पाय विचारते. मग विचारते, "आईले देता का?" आई समोर बसून तांदूळ निवडत असते. अलीकडे तिचा राग निवळला आहे. मागच्या रविवारी मान वर करून तिने विचारलं, "कोनाचा फोन व्हय? सूनबाईचा काय?"

मी मानेनेच नाही म्हटलं. आणि आतल्या खोलीत जाऊन फोनमध्ये वहिनीला सांगितलं, आई झोपली आहे.