आवाज न करणारी गाडी

चालवून पाहायला आणलेली विजेवरची मोटारसायकल दारात उभी केली, तरी घरात पत्ता नाही. बायको फोनवर बहिणीला माझ्याच तक्रारी सांगत होती. मला पाहून दचकली. "अगंबाई! कधी आलात?"

जुन्या गाडीची फटफट कोपऱ्यापासून ऐकू यायची. ती ऐकताच मुलं टीव्ही बंद करून पुस्तकं उघडायची. मीही कोपऱ्यावर मुद्दाम ॲक्सिलरेटर पिळायचो. पकडली तर रागवावं लागणार, आणि ते मला कधीच नीट जमलं नाही. आता मुलं परगावी. कुणासाठी फटफटायचं?

"घेऊ या का ही?" मी विचारलं.

"घ्या की. पण कोपऱ्यावर हॉर्न वाजवत जा," ती म्हणाली. "मुलांना इतकी वर्षं सवलत दिलीत, मला नको?"