मावशीनं उतरवलेला बॅनर

कुणी लेकाची चौकशी केली की मावशी वांग्यांवर पाणी शिंपडायच्या. "हाय तिकडं," एवढंच म्हणायच्या. वांगी ओली व्हायची, विचारणारा कोरडाच राहायचा.

आखाडा बाळापूरच्या बाजारात माझं बॅनर छापायचं दुकान, समोर त्यांचा भाजीचा गाडा. कुणाची सोयरीक मोडली, कुणाची सून रुसली, सगळं तुम्हाला कोथिंबिरीबरोबर फुकट मिळणार. पण फौजेतला लेक कुठल्या ठाण्यावर आहे, हे मात्र कुणालाच कळणार नाही.

त्या उन्हाळ्यात सीमेवर दोन्हीकडून फौजा सरकू लागल्या. ड्रोन, क्षेपणास्त्रं. दुकानातल्या टीव्हीपुढं मी सेनापती.

"मावशी, त्यांच्याजवळ अणुबॉम्ब हायत, तर आपल्याजवळबी हायत. मोजून दाखवू का?"

"दोघांजवळ हायत ना? मंग मोजून काय करून राहिला?"

मी टीव्हीचा आवाज वाढवला. आणि बॅनर छापायला घेतला.

वर्दीतला लेक, मागं वाघ, खाली नाव, गाव, पलटण आणि ठाणं. ठाणं मी त्याच्या दोस्ताकडून मोठ्या हुशारीनं काढलेलं. कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून माझा फोटो, वाघापेक्षा जरासा मोठा. चौकात लावताच लोक मोबाइल काढून उभे.

मावशी आल्या आणि विळ्यानं दोऱ्या कापल्या. वाघ माझ्याच डोक्यावर पडला.

"काहून मावशी? गौरव केला ना लेकाचा."

"हे फोटो कुठवर जातील, तुला ठाव हाय का?" मग आवाज खाली आला. "त्यो मला सांगत न्हाई. म्या विचारत न्हाई. अन् तू चौकात लिवलंस."

दुपारभर ज्यांनी ज्यांनी फोटो काढले त्यांच्या दारात आम्ही दोघं. मावशी हातावर कोथिंबिरीची जुडी ठेवायच्या, "तेवढा पुसून टाका बाबा," म्हणायच्या. मला एक शिवी दिली नाही. दिली असती तर मला जेवण गेलं असतं.

पुढं लेकाचा फोनच बंद झाला. मावशींचा गाडा एक दिवस चुकला नाही. फक्त डबा जसा यायचा तसा घरी जायचा, आणि वजनात त्या चुकायच्या. नेहमी गिऱ्हाइकाच्या बाजूनं.

गोळीबार थांबल्याची बातमी आली, तरी फोन नाही. मग एका दुपारी गाड्यावर मावशींचा फोन वाजला.

"जेवलास का? ... काय होतं? ... डाळ पातळच का?"

कुठं आहेस, कधी येतोस, एक शब्द नाही. फोन पदरानं पुसला, कमरेला खोचला, डबा उचलला आणि घराकडं चालू लागल्या. चपला गाड्याखालीच. डांबर तापलेलं. मी हाक मारली, पण त्या वळल्या नाहीत.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. "मावशी कुठं गेल्या?"

मी तराजू हातात घेतला.

"घरी," म्हटलं, "जेवायला."