बाबांना ऐकू जाणारी लय

जऊळक्याच्या स्टेशनवर गाडी जेमतेम थांबते, त्यामुळे आमच्याकडे निरोप गाडी यायच्या आधीच उरकून घेतात. माझाही तसाच उरकला. माय पिशवीत भाकरी आणि ठेचा कोंबत होती. बाबा मात्र गाडी हलल्यावर खिडकीशी धावत ओरडले, "पोहचली का फोन कर! आन् जोऱ्यानं बोलजो!" डब्यातले सगळे हसले. पण आमच्या घरात हळू बोलणं कुणाला ठाऊकच नव्हतं. बाबांची पिठाची गिरणी घराला लागूनच. पट्टा सुरू झाला की भाजीत मीठ मागायलाही ओरडावं लागायचं. त्याच गिरणीनं पुढे बाबांचे कान हळूहळू खाल्ले.

मी निघाले होते इंग्लंडला, इंग्रजी कवितेची आणि गद्याची लय शिकायला. हे गावात समजावून सांगताना नाकी नऊ आले. "म्हंजे गानं शिकाले चालली का?" माय विचारायची. नाही म्हटलं, तर "मंग इतक्या दूर कायले?" तुमच्यापैकी जे गावातच राहिले, त्यांनाही हाच प्रश्न पडला असेल. जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना तो अजून पडतो.

पहिल्याच वर्गात कळलं की मला इंग्रजी वाचता येतं, पण ऐकू येत नाही. कविता मोठ्यानं वाचायला सांगितली, तर मी ती, बुद्धविहारात आम्ही वंदना म्हणतो तशी म्हटली. एका सुरात, ठासून, प्रत्येक अक्षराला सारखा मान देत. मोठ्यानं म्हणायचं म्हणजे असंच, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. वर्ग हसला नाही, सभ्य लोक ते. माझ्या गाइडबाई मात्र म्हणाल्या, तुझ्या वाचण्यात सगळीच अक्षरं खुर्च्यांवर बसली आहेत, उभं कुणीच नाही. इंग्रजीत एका अक्षरावर भार पडतो आणि आजूबाजूची अक्षरं घाईघाईनं गिळली जातात. 'फोटोग्राफ' म्हणताना भार पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफी' म्हटलं की तो पुढे सरकतो. कवितेत हे भार बऱ्यापैकी ठरावीक अंतरानं येतात. गद्यात ते लपून बसतात, पण वाक्य कुठे धावणार आणि कुठे टेकणार हे तेच ठरवतात. मला गद्याचीच भुरळ पडली. बसमध्ये, किचनमध्ये, भांडी घासताना मी बोटांनी ठेका धरून वाक्यं पुटपुटत राहायची. वर्षं गेली, कान तयार झाला, नोकरी लागली. आता मीच इंग्रज मुलांना त्यांच्या भाषेची लय शिकवते. याची मला गंमत वाटते आणि गर्वही, खोटं कशाला बोलू.

पण याच वर्षांत फोनवर बाबांना माझं बोलणं कळेनासं झालं. आधी वाटलं, कान पार गेले. कानाचं यंत्र घेऊन दिलं; ते शिट्टी मारतं म्हणून त्यांनी फळीवर ठेवून दिलं. मी ओरडून बोलायची, ते "हां, हां" करायचे आणि फोन मायकडे द्यायचे. "तिचं काई समजत नाही मले. तूच बोल." मग एका रविवारी त्यांनी फोन हातात घेतलाच नाही. मागून नुसतं ऐकू आलं, "कायले तिले फालतू तरास द्याचा?" त्या दिवशी मी खूप रडले. बाप जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि त्याच्याशी आपलं बोलणं संपलं, हे सहनच होईना.

उन्हाळ्यात गावी गेले. माय चुलीपाशी बसून साध्या आवाजात म्हणायची, "अवो, गोळी घेतली का नाही?" आणि बाबा ओसरीतून उत्तर द्यायचे. तेच शब्द मी त्यांच्या कानाशी ओरडले की ते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. शब्द तर वऱ्हाडीच होते. मग मी वर्गात ऐकते तसं स्वतःलाच ऐकलं. 'गोळी'वर जोर देऊन मी पुढचं सगळं गिळत होते. माय एकही अक्षर गिळत नव्हती. सगळी सारखी मांडून शेवटचं तेवढं लांबवत होती. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला धरायला माझ्या वाक्यात काही उरतच नव्हतं. हे कळलं, पण वळेना. मुद्दाम तसं बोलायला गेले की नाटकातली वऱ्हाडी वाटायची, आणि बाबा आणखीच गोंधळायचे.

एका दुपारी गिरणीवर ज्वारीचं दळण चाललं होतं. पट्टा सरकला म्हणून बाबांनी चालू गिरणीतच हात घातला. मी ओरडले.

"ओ बाबा! हात काढा तो! कितीकदा सांगाव तुमाले? मोडून घ्याचा हाये का हात?"

बाबांनी हात काढला, बटन बंद केलं आणि शांतपणे म्हणाले, "ओरडून कायले राह्यली? आयकू येते मले."

मी तिथेच एका पिठाच्या डब्यावर बसले. रागाच्या भरात मी एकही अक्षर गिळलं नव्हतं. डोकं तापलं की माझं सगळं शिक्षण गळून पडतं, हे मला आधी कुणी सांगायला काय झालं होतं!

तेव्हापासून दर रविवारी मी बाबांना फोनवर झापते. गोळ्यांवरून, बिडीवरून, उन्हात हिंडण्यावरून. त्यांना शब्दन् शब्द कळतो आणि ते तितक्याच जोरात उलटून बोलतात. इथल्या शेजारच्या बाईंनी एकदा काळजीनं विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? इतकं ठीक कित्येक वर्षांत नव्हतं, हे त्यांना कसं सांगणार? लोक विचारतात, आता घर कुठलं वाटतं? इथे माझं काम आहे, पुस्तकं आहेत, इथल्या भाषेवर माझा जीव आहे. पण मला रागावता येतं ते तिकडच्याच लयीत, आणि माझा राग ज्यांना नीट ऐकू जातो तेच माझं घर.

गेल्या रविवारी अंगात कणकण होती. मी मऊ आवाजात दोन वाक्यं बोलले आणि थांबले.  पलीकडून बाबांचा आवाज आला, जरा घाबरलेला.

"काहून वं बाई, आज भांडून नाही राह्यली? बोल ना मले काई."