दुसऱ्या फोनचा दिवा

बिबवेवाडीतल्या त्या दुरुस्तीच्या दुकानातील बाईंचे नाव मी विचारले नाही. साबणाच्या डबीत त्या एक लाल दिवा बसवून देत. बोलणे चालू असताना घरातला दुसरा लँडलाइन फोन कोणी उचलला, की तो दिवा लागे. माझ्या मुलीने तो आणला होता, कारण मी तिचे बोलणे चोरून ऐकत असे.

"असल्या वस्तूंनी घरे फुटतात," असे म्हणून मी फोनच्या वायरीवरून काढून आणलेली डबी त्यांच्यापुढे ठेवली.

सोल्डरिंगचा धूर फुंकरीने बाजूला सारत त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही फोन उचलल्याशिवाय लागतो का तो दिवा? मी परत घेणार नाही. जिची आहे, तिला नेऊन द्या."

मी नेऊन दिली. मुलीने ती माझ्यासमोरच पुन्हा जोडली, आणि मी तिच्यासाठी वायर धरून उभा राहिलो.